माथ्यावरची वीस झाडं

सरस्वतीपुरम, म्हैसूर
१२ फेब्रुवारी २०१७

प्रिय तुंगम्मा,

मंगळवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. तू पुन्हा लावलास तेव्हा तुझ्या अम्माला म्हटलं, सांग अप्पा अंघोळीला गेलेत. सकाळी साडेअकराला कसली अंघोळ, असं तिनं नंतर मला सुनावलं, आणि तुलाही ते पटलं नसणारच. तू विचारलंस ते एवढंच होतं, की अप्पा, तुमच्या सागांची वलयं चौऱ्याहत्तर सालानंतर इतकी एकसारखी कशी काय आली? या एका प्रश्नाचं उत्तर लिहायला मला पाच दिवस लागले आणि तीन कागद फाडावे लागले. हा चौथा आहे.

आधी इकडचं सांगतो, नाहीतर तू म्हणशील अप्पांनी पत्रसुद्धा अहवालासारखं लिहिलं. अम्माचा गुडघा स्वल्प बरा आहे. स्वल्प म्हणजे देवळापर्यंत जाता येतं, पण दळण आणायला मीच जायचं, असा. अवरेकाळूच्या शेंगा या वर्षी फार आल्या, रोज सोलून माझी नखं काळी पडलीत. तुला तिकडं पुण्यात त्या मिळत नाहीत म्हणून तुझी अम्मा प्रत्येक घासाला उसासा टाकते आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेते. तिकडचे लोक तुझं मराठी ऐकून अजून हसतात का? हसू देत. दोनशे वर्षं कन्नड मुलखात राहून इतकं टिकवलंय, त्याचं कौतुक करा म्हणावं.

आता मूळ गोष्ट. तुम्ही लोक जुन्या पावसाच्या नोंदींची छाननी करताय, ते मला चांगलं वाटतं. झाडांची वलयं काय, तळ्यांच्या बुडाचा गाळ काय, गुहांतले चुन्याचे खांब काय, निसर्गानं लिहून ठेवलंय म्हणून सगळंच खरं असतं असं थोडंच आहे? कुणावर किती भरवसा ठेवायचा ते कुणीतरी ठरवायलाच हवं होतं. अ, ब, क असे वर्ग पाडलेत तेही ठीक. पण काबिनीच्या जंगलातली माझी नोंद तुझ्याच टेबलावर यावी? अय्यो, देवाला दुसरं कुणी सापडलं नाही! आपला तो बाब्या असं कुणी म्हणायला नको म्हणून या महिनाअखेर तू फाइल दुसऱ्याकडे सोपवणार, असं अम्माला बोललीस. तो दुसरा काय करेल ते मी इथं बसून सांगतो. तो नमुन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या बघेल. वीस झाडं, वीसच्या वीस डोंगरमाथ्यावरची, पातळ मातीतली, म्हणजे पावसावरच जगणारी. तो डोळे मिटून 'अ' लिहील. मग माझ्या आलेखावर विसंबून धरणवाले ठरवतील, की दीडशे वर्षांत या खोऱ्यात सलग तीन वर्षं पाऊस बुडाल्याचं दिसत नाही, तेव्हा तशी तयारी कशाला करायची. आणि एखाद्या साली तसं झालंच, तर एच. डी. कोट्याकडच्या खेड्यांतल्या बायका घागरी घेऊन कुठं जातील?

तुझ्या मनात पाल चुकचुकलीय, हे तुझ्या आवाजावरून कळलं. तरी तू म्हणालीस, जंगल दाट झालं असेल, सावली आली असेल, नाही का अप्पा? माझ्यासाठी सबब तू शोधत होतीस. तीच सबब मी छापलेल्या लेखात दिलीय, पान सात, खालून दुसरा परिच्छेद. ती सबब आहे, तुंगम्मा. जंगल दाट झालेलं नव्हतं.

आमचे रघुनाथराव तुला आठवत नसतील. प्रयोगशाळेचे प्रमुख, कडक माणूस, रोज पांढरी पँट. त्यांनी मला पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीहून बारीक लाकडाची काडी कशी काढायची ते शिकवलं. पण त्याआधी चिठ्ठी लिहायला शिकवलं. झाडाचा नंबर, जागा, उतार, माती, सगळं त्या झाडाखाली उभं राहून लिहायचं आणि काडीला बांधूनच पुढं जायचं. काडी कोणत्या झाडाची ते सूक्ष्मदर्शकाला कळत नाही, चिठ्ठीलाच कळतं, असं ते म्हणायचे. मी घरी गेल्यावर लिहितो म्हटलं की चिडायचे. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी जंगलात गेलो ते त्यांच्याच कामाला. दोन दिवसांचा परवाना होता आणि माथ्यावरची वीस झाडं आधीच हेरून ठेवली होती. सोबत वनखात्याचे जुने राखणदार केंचय्या होते, मला सासऱ्यासारखे ओरडणारे.

आदल्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी शहाणपणा केला. उद्या वेळ वाचेल म्हणून वीसही चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्या. नंबर एक ते वीस, जागा माथा, माती पातळ. नुसत्या बांधायच्या राहिल्या. आमच्या धंद्यात याहून मोठा मूर्खपणा नाही, आणि तो मी अगदी सुंदर अक्षरात केला. पहिल्या दिवशी वर चढून आठ झाडं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही पुन्हा निघणार, तोच वनखात्याच्या कचेरीतून माणूस सायकल मारत आला. म्हैसूरहून फोन होता. लेकीला दवाखान्यात ठेवलंय, श्वास घेता येत नाहीये, लगेच या.

तू सहा वर्षांची होतीस. कोट्याहून म्हैसूरची गाडी साडेतीनला होती, त्याआधी काहीच नव्हतं. माथ्यावर जायला तीन तास, बारा झाडांना आणखी तीन आणि उतरायला दोन. वर गेलो असतो तर गाडी चुकली असती. हात रिकामे राहिले असते तर मला वेड लागलं असतं, म्हणून मी गिरमिट घेतलं आणि समोर जो साग दिसला त्यात घातलं. समोर म्हणजे खाली, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, जिथं धरण झाल्यापासून, म्हणजे चौऱ्याहत्तरपासून, बारा महिने मुळांना पाणी आहे. केंचय्या म्हणाले, स्वामी, ही झाडं तुमच्या कामाची नाहीत, वरची कुठं पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी या. मी ऐकलं नाही. त्यांनी दुसरं गिरमिट उचललं. दोघांनी मिळून बारा झाडं केली. प्रत्येक काडीला मी खिशातली तयार चिठ्ठी बांधत गेलो, नऊ, दहा, अकरा. जागा माथा, माती पातळ. मनात म्हणत होतो, घरी जाऊन दुरुस्त करतो.

दवाखान्यात मी पोचलो तो काड्यांची पेटी काखेत घेऊनच. तुझ्या नाकाला नळी होती आणि ओठ निळे होते. अकरा दिवस मी तिथून हललो नाही. पेटी दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतला शिपाई घेऊन गेला. मी परत कामावर गेलो तेव्हा काड्या लाकडी पट्ट्यांवर चिकटवून, चिठ्ठ्या वहीत उतरवून, मोजणी सुरूसुद्धा झाली होती. रघुनाथराव पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एवढ्या संकटात वीसही झाडं केलीस, शाबास, सगळी माथ्यावरचीच ना? मी हो सर म्हटलं. तुंगम्मा, तो एक शब्द. तोवर चूक होती, त्यानंतर खोटं झालं. मग लेख छापून आला, बढती मिळाली, लोक त्या आलेखाचा दाखला देऊ लागले, आणि मी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. रघुनाथराव गेले, केंचय्या गेले, मूठ तशीच राहिली.

काठावरच्या झाडाला दुष्काळ कळत नाही. ते दर वर्षी सारखंच वलय घालतं, पाऊस असो वा नसो. अशी बारा झाडं घेऊन, त्यांची चौऱ्याहत्तरनंतरची वलयं पावसाच्या आकड्यांशी जुळवून मी मोजमापाची फूटपट्टी बनवली आणि तिनं मागचे सगळे दुष्काळ मोजले, म्हणून ते सगळे लहान दिसले. तू आठ वर्षांची असताना एकदा प्रयोगशाळेत आली होतीस, आठवतं? सुखी झाड कसं दिसतं ते बघायचं म्हणून हट्ट धरलास. मी पट्टीवरची चौदा नंबरची काडी दाखवली. बघ, इथून पुढं हिला कधी तहान लागली नाही, म्हणून हिच्याकडं सांगायला काही नाही. मग सुखात राहणं वाईट असतं का अप्पा, असं तू विचारलंस. मी म्हटलं, बिस्कीट खा गप्प. त्या पट्टीवर इंग्रजीत माथा असं लिहिलेलं होतं. साऱ्या जगात फक्त तुला मी खरं सांगितलं होतं, तेही तुला अजून इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून.

मंगळवारी फोन ठेवल्यावर हे सगळं मी अम्माला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ती खोट्याबद्दल बोलेल. ती शेंगा सोलता सोलता रडायलाच लागली. म्हणाली, तुम्ही पेटी भरून आणलीत तेव्हा मी समजले, निरोप मिळाल्यावरही तुम्ही आधी डोंगर चढून काम उरकलंत आणि मग आलात. वीस झाडं, सगळी माथ्यावरची. माझं मूल तिथं तडफडतंय आणि यांना झाडं आधी. हे मी कधी विसरले नाही हो. मग मला उमजलं, की घरात अप्पांना झाडं आधी, लेक नंतर ही जी थट्टा चालायची, ज्यावर तूही हसायचीस, तिच्या तळाशी हे होतं. आणि मी तरी काय सांगणार होतो? मी वर गेलोच नाही, असं म्हणायचं म्हणजे चिठ्ठ्या खोट्या आहेत हेही म्हणायला लागलं असतं. मी नोंद वाचवली आणि तुमच्या दोघींचा राग पत्करला. असला व्यवहार कुठलाही शहाणा माणूस करत नाही.

म्हणून हे पत्र. फाइल कुणाकडे देऊ नकोस. हे पत्र तिला जोड आणि निकाल तूच लिही. एक ते आठ नंबरची झाडं खरी आहेत, नऊ ते वीस काढून टाक. आठ झाडं फार थोडी आहेत, तेव्हा 'क' द्यावा लागेल, किंवा नोंदच रद्द करावी लागेल. जे योग्य ते कर, बापाला काय वाटेल याचा विचार करशील तर मला खरंच वाईट वाटेल. लोकांना तोंड द्यायला मी अजून धडधाकट आहे. आणि यात तुझ्या आजारपणाचा काही दोष आहे असं क्षणभरही मनात आणू नकोस, नाहीतर अम्मा पुण्याला येऊन तुला चोपेल. झाडं चुकीची घेतली याचं मला आजही दुःख नाही. तो दिवस पुन्हा आला, तर पुन्हा मी वर चढणार नाही, खालीच थांबेन आणि साडेतीनची गाडी पकडून तुझ्याकडे येईन. फक्त चिठ्ठीवर काठ असं लिहीन.

तुझाच,
अप्पा

आणि फाइलीसाठी सही:
टी. बिंदुमाधव राव