सोवळ्यातली खोली

३ फेब्रुवारी १९६४
पुण्यात आले एकदाची! सांगलीत सगळ्यांनी घाबरवून सोडलं होतं, पण बुधवारातल्या घरमालकीणबाईंनी चक्क न मागता चहा दिला. इस्पितळ खाजगी, नवंकोरं; मी तिथली सर्वांत धाकटी डॉक्टर. मोठे डॉक्टर परचुरे यांनी पहिलाच प्रश्न केला की सांगलीत वैद्यकी शिकवतात की नाट्यसंगीत. माणूस तिखट, पण हुशार. मला इथे आवडणार.

६ फेब्रुवारी
रोगी श्यामसुंदर, शाळामास्तर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. धाकटा भाऊ दीनानाथ आपलं एक देणार आहे. शरीर परकं काही ठेवून घेत नाही, म्हणून आधी सगळ्या अंगावर किरण सोडून त्याची प्रतिकारशक्ती मारायची. मग मात्र साधा जंतूही त्याचा जीव घेऊ शकतो. त्याच्या खोलीत उकळलेले कपडे घालून, तोंडाला फडकं बांधूनच जायचं.

आई मंदाकिनीबाई शनिवार पेठेतल्या, कर्मठ. पोटच्या पोराला शिवायचं नाही हे त्यांना पटेना. मी म्हटलं, काकू, हे आमचं सोवळंच समजा. झटकन पटलं त्यांना! परचुऱ्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी दिवसभर हवेत होते.

१३ फेब्रुवारी
किरण दिले. ओकाऱ्यांनी बेजार झाला बिचारा. पण शस्त्रक्रिया झाली आणि नवं मूत्रपिंड लगेच काम करू लागलं. दीनानाथ पडल्या पडल्या विचारतो, माझं चालतंय ना?

१९ फेब्रुवारी
उशीवर केसांचे झुपके. जखम लाल नाही, पू नाही. परचुरे खूश. मी नाही. जिभेवर पांढरं आलंय, शिळ्या भाकरीवर चढते तशी बुरशी. सगळं तर उकळून घेतो आम्ही. मग आत येतंय कुठून?

२१ फेब्रुवारी
पहाटे खोलीत गेले. खोलीला लागून असलेल्या न्हाणीचं मागचं दार उघडं होतं. मंदाकिनीबाई पलंगाशी उभ्या, ओलेत्या, केसांतून पाणी त्याच्या अंगावर ठिबकतंय. हातात पंचामृताची पळी. तो शहाण्या मुलासारखा गिळतोय.

मला पाहून म्हणाल्या, "घाबरू नका. ओलेत्यानं आलेय. कुणाला शिवले नाही."

रोज येत होत्या. दह्यातले जंतू निरोग्याला काही करत नाहीत. त्याला—

मी सांगितलेलं सोवळं त्यांनी काटेकोर पाळलं होतं.

२२ फेब्रुवारी
परचुऱ्यांनी विचारलं, आत कोण गेलं? सारा ठपका पहाटपाळीच्या नर्सवर, प्रेमलावर. तिला काढून टाकलं. ती रडत माझ्याकडे बघत होती. आई आत येत होती एवढंच मी सांगितलं; ती माझ्या ‘सोवळ्या’मुळे, हे नाही. शरम वाटते. स्वतःची किळस येते.

२४ फेब्रुवारी
बुरशी घशात उतरली. आता छातीत. ते अंग कुणालाच अडवत नाही — येईल त्याला घरात घेतंय. मूत्रपिंड मात्र ठणठणीत. दीनानाथ विचारतो, माझं चालतंय ना? चालतंय. त्याचं एकट्याचंच—

२५ फेब्रुवारी
श्यामसुंदर गेला.

बाईंनी एकच विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझं सोवळं कुठे मोडलं?"

उद्या सांगते म्हटलं. उद्या!

२७ फेब्रुवारी
त्यांना म्हणे आठवलं — जिन्यात कुणाचा तरी पदर लागला होता. तोच दोष. माझ्या हातून गेला, म्हणतात. अन्नपाणी सोडलंय. दीनानाथ हात जोडतो — डॉक्टर, तुमचं ऐकेल ती —

२८ फेब्रुवारी
दारात उभ्या आहेत. ओलेत्याच. ओठ सुकलेत. माझ्याकडे बघतायत. लिहून पाहते आधी, म्हणजे तोंडाने निघेल — काकू, तुमचं काही चुकलं नाही, ते सोवळं मीच —