सात खणांचा डबा

दादा,

बाबांचा विषाणूचा ताप उतरून दोन महिने झाले, तरी उलट्या थांबेनात. परवा त्यांनी मलाच ओळखलं नाही, म्हणून दवाखान्यात आणलं. तू फोनवर म्हणालास, "बाबांना सांभाळणाऱ्या त्या मावशींनी उपाशी ठेवलं असेल, काढून टाक त्यांना." मी काढून टाकलं. दोन महिने बाबांना चमच्याने भरवणारी बाई जाताना एवढंच बोलली, "ताई, गोळ्या कमी करा, पोटात अन्न जाऊ द्या." मी खेकसले, "औषधाच्या दुकानात तुम्ही बसता की मी?"

काल दुकानात एका गिऱ्हाइकाला ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल देताना नेहमीसारखं बजावलं, "आठवड्यातून एकच हं!" आणि कॅप्सूलचं पाकीट पुन्हा हातात घेऊन वाचलं. बाबांच्या गोळ्यांचा, रोजचा एक अशा सात खणांचा डबा दर रविवारी मीच भरते. ताप उतरल्यापासून तीच कॅप्सूल मी सातही खणांत टाकत होते. अशक्तपणा वाढला, तशी तू पाठवलेल्या कॅल्शियमच्या बाटलीतलीही रोज एक गोळी घातली.

ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की होतं तसंच, बाबांच्या रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय, मूत्रपिंडं थकलीत. आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "काय काय चालू होतं?" सगळं कळत असून मी म्हटलं, "साध्या ताकदीच्या गोळ्या." मघाशी नर्स सांगून गेली, की डॉक्टर आता मावशींना बोलावून विचारणार आहेत.

डबा माझ्या पर्समध्ये आहे. डॉक्टर येताना दिसतायत. तुला हे पाठवायची हिंमत नाही, पण डबा बाहेर काढतेय.

तुझी,
औषधांतलं सगळं कळणारी बहीण