काकांचा टायर

सुरत, रविवार संध्याकाळ

अन् सगळ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्यानं स्वतःसाठी मागूच नये, हा कोणता नियम? गावाकडचे, तिवशाच्या चर्चचे आमचे पाळककाका आज फोनवर म्हणाले, "कापूसवेचणीमुळं उपासनेले तिघंच आले, बाबू. सायकलचा टायरही फाटला. सोडतो आता हे काम."

फोन ठेवताना दरवेळी तेच माह्यासाठी प्रार्थना करतात. आज मी म्हटलं, "थांबा काका, मी करतो." मले मोठे शब्द कुठं येतात? म्हटलं, "प्रभू, काका थकले, त्यायले उचलून धर."

तिकडं काका हसले, "अन् टायर राहिला ना बे!"

तोही मागितला. "आमेन" काकाच जोरात म्हणाले. बुधवारी घरोघर प्रार्थनेले जातो म्हणाले. जातीलच.

टायर मी मागितला, म्हणजे आणायचाही मीच. उद्या तीनशे रुपये पाठवतो.