वरून खाली झिरपते

६ जानेवारी

नातीने ही डायरी दिली. तिच्या कारखान्याची आहे, सगळ्यांना फुकट वाटली. जाड, निळी, वर सोनेरी अक्षरं. उघडली तर पहिली तीन पानं हातातच आली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच ओळ छापली आहे — ‘गुणवत्ता वरून खाली झिरपते.’ आणि तिच्याखाली मोठ्या साहेबाची सही.

चष्मा पुसून दोनदा वाचलं. कारखाना कसला? रबरी पिशव्यांचा. गरम पाणी भरून शेकायच्या. आणि हे लिहितात झिरपते!

हसून हसून कुशीत कळ आली. सून म्हणाली, एवढं काय वाचलंत? तिला दाखवलं. चांगलंच लिहिलंय की, म्हणे. जाऊ दे.

जाड सुई घेऊन डायरी मधोमध शिवली. आता पान हललं तर बघतेच.

७ जानेवारी

शाळा माझी दुसरीपर्यंत. अक्षर सुधारलं ते त्याच कारखान्यात. तपासणीवर होते ना मी, रोज वहीत लिहावं लागायचं — किती पिशव्या बघितल्या, किती नापास करून कापल्या. सत्तावीस वर्षं लिहिलं. माझा शिक्का सात नंबरचा. पास झालेल्या पिशवीच्या गळ्यात आतून उठवायचा, म्हणजे पुढेमागे काही झालंच तर कळतं कोणाच्या हातून गेली.

मी घरी बसल्यावर सात नंबर पेटीत पडून होता. सहा महिन्यांपूर्वी नात तपासणीवर लागली आणि तिने तोच मागून घेतला. दुसरा देत होते, हिने हट्ट धरला. घरी आणून माझ्या हातावर ठेवला. मी रुमालाने पुसला. सुनेला वाटलं डोळे पुसतेय. तेही पुसले म्हणा.

गुडघा आज बरा आहे.

९ जानेवारी

कारखान्यात गुणवत्ता सप्ताह सुरू झाला. म्हणजे काय, तर शपथ. सगळ्यांनी हात वर करून कागदावरचं म्हणायचं. साहेब कुठे होता? वर, काचेच्या खोलीत. तिथून फोन कानाला लावून खाली बघत होता आणि एक हात वर केला होता. नात म्हणाली, आजी, शपथ घेत होता का कोणाला चहा सांगत होता, कळलंच नाही.

मी त्याचं नाव काचवाला ठेवलं आहे. तीन वर्षं झाली साहेब होऊन, खाली यंत्रांपाशी चार वेळा आला. चारही वेळा फोटोवाला बरोबर.

सगळ्यांना बिल्ले वाटले. बिल्ल्याची पिन बंदच होत नाही. नातीच्या बोटाला टोचली. डोंबलाची गुणवत्ता.

१० जानेवारी

याचा बाप असा नव्हता. लिहूनच ठेवते, नाहीतर मी गेल्यावर कोण सांगणार.

म्हातारे शेठ भाषण करत नसत. बोलताना अडखळायचे बिचारे. पण प्रत्येक लॉटमधली एक पिशवी, आपल्या हाताने उचललेली, घरी न्यायचे. गरम पाणी भरून पोटावर घेऊन झोपायचे. उन्हाळ्यातसुद्धा! बायको वैतागायची म्हणे. सकाळी सदरा कोरडा असला तर लॉट गाडीत. ओला असला तर शेठ स्वतः कात्री मागायचे आणि माझ्या टेबलाशी उभे राहून पहिली पिशवी कापायचे. ओरडा नाही, आरडा नाही. त्या कच्चकन आवाजाने सगळ्या कारखान्याचे हात नीट चालायला लागायचे.

तेव्हा हा काचवाला सात-आठ वर्षांचा. सुट्टीत यायचा, माझ्या टेबलावर बसून बुचं मोजायचा. चुकायचा.

१३ जानेवारी

नात आल्या आल्या म्हणाली, आजी, घाम येतोय.

मला वाटलं हिला. तर नव्या, लाल पिशव्यांच्या लॉटला. पिशवी भरून उलटी टांगली की गळ्याच्या जोडाशी बारीक थेंब जमतात, त्याला आम्ही घाम म्हणतो. तासभर टांगली तरच दिसतो. आणि काचवाल्याने तासाची केलीत दहा मिनिटं. दहा मिनिटांत कशाला येईल घाम? हिने जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वीस पिशव्या तासभर टांगल्या. सहांना आला.

असली पिशवी टांगल्यावर फक्त घाम देते. पण अंगाखाली दाबली गेली की तोच जोड उसवतो आणि गरम पाणी अंगावर. लॉट चार हजारांचा. निम्म्या पिशव्या दवाखान्यांत जाणार.

१५ जानेवारी

आज मानहलव्या नातीच्या टेबलाशी आला. मानहलव्या म्हणजे मॅनेजर. साहेब काय म्हणणार हे कळायच्या आधीच याची मान हलते.

शिक्का मार, म्हणाला. ही म्हणाली, घाम येतोय. तो म्हणे, घामच ना? गळती तर नाही? ही म्हणाली, तुम्ही घेऊन झोपता का एक? आजूबाजूच्या पोरी फिदीफिदी हसल्या. तो लालबुंद.

झालं. उद्यापासून पॅकिंगला जा म्हणाला. शिक्का काढून घेतला. ही जिना चढून काचवाल्याकडे गेली. त्याने खुर्चीसुद्धा दिली नाही. सप्ताह चालू असताना असले वाद नकोत, म्हणाला.

वा रे वा. गुणवत्तेचा सप्ताह चालू आहे म्हणून गुणवत्तेचं बोलायचं नाही.

१६ जानेवारी

पोरगी जेवली नाही. मीही नाही.

२० जानेवारी

आज सप्ताहाचा शेवट. (सप्ताह नऊ जानेवारीला सुरू झाला. मोजा.) जुन्या कामगारांचा सत्कार म्हणून मलाही बोलावलं. नात म्हणाली, जाऊ नकोस. म्हटलं, जाणारच, चांगली चप्पल कधी घालू?

खुर्च्या मांडलेल्या, पंखे, फलक. फलकावर तेच — वरून खाली झिरपते. काचवाला बोलला पाऊण तास. गुणवत्ता हा आपला श्वास आहे म्हणाला. माझ्या शेजारची एकजण घोरत होती, तिचा श्वास तेवढा ऐकू आला.

मग माझं नाव पुकारलं. वर गेले. भेट म्हणून पिशवी दिली, लाल, रिबीन बांधलेली. जुनी खोड माझी — बूच काढलं आणि गळ्यात बघितलं. आत सात.

नात पाच दिवस पॅकिंगला आहे, आणि लाल लॉटला तिने एकही शिक्का मारला नव्हता. मग हा सात कोणी उठवला? खाली बघितलं. मानहलव्या चपलेकडे बघत होता. आज मान हलली नाही.

फोटोवाला म्हणाला, आजी इकडे बघा. मी काचवाल्याकडेच बघत होते. पिशवी त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, “साहेब, ही तुम्ही घ्या. पाणी भरा आणि आज अंगावर घेऊन झोपा. तुमचे वडील झोपायचे.” तो हसला. म्हणाला, “आजींचं प्रेम आहे हो कारखान्यावर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, “बाळा, बुचं तू तेव्हाही चुकीचीच मोजायचास.”

टाळ्या थांबल्या. मी सावकाश उतरले. गुडघ्यामुळे.

२१ जानेवारी

मानहलव्याने हिला निरोप दिला — आजीला आवरा.

हिने राजीनामा लिहायला घेतला आहे. म्हणते, माझा नंबर घालून लोकांना भाजणार असतील तर मी तिथे उभी राहणार नाही. मी समजूत घातली नाही. शुद्धलेखन तेवढं बघितलं. एक वेलांटी चुकली होती.

मनात येतं, मी तोंड आवरलं असतं तर पोरीची नोकरी तरी राहिली असती. छे. नसतीच राहिली.

लॉटची गाडी उद्या दुपारी सुटणार. ही सकाळी कागद देणार. ती पिशवी काय, काचवाल्याने जिन्याखालीच टाकली असेल. त्याच्यात बापाचं नाक तेवढं आलं, बाकी काही नाही.

२२ जानेवारी

नात चप्पल न काढताच आत आली. राजीनामा तिच्या हातातच होता, घडी घातलेला.

काचवाला सकाळी लंगडत आला म्हणे. मांडीला पट्टी. काचेच्या खोलीत गेलाच नाही. गाडी थांबवली, मानहलव्याच्या खिशातला शिक्का मागून घेतला, हिच्या टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, कात्री कुठे असते?

कापता येत नाही मेल्याला. पहिली वाकडीच कापली. पण स्वतः कापली.