उसवण्याची मजुरी

बाबा, इतक्या वर्षांनी मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. त्या रविवारी देवळातल्या मिस्साहून तुम्ही आणि आई थेट आमच्याकडे जेवायला आलात. तेव्हा ह्यांच्या ऑफिसात लष्कराच्या सरावासाठी संगणकावर लुटुपुटीच्या लढाया तयार करत. रणगाड्यांच्या लढाईचा प्रोग्राम आधीचा होता. साहेब म्हणाले, तोच घ्या, रणगाडे काढा, जहाजं घाला, फुकटात काम होईल. झालं काय, जहाजं रणगाड्यांसारखी झाडांआड लपू लागली, भरसमुद्रात चिखलात रुतू लागली! मूळ लिहिणारा निवृत्त झालेला, मागे एक टिपण नाही. हे दुसऱ्याची ओळ न् ओळ उसवत बसले, आणि साहेबांच्या अहवालात नव्या प्रोग्रामचा सगळा खर्च वाचला. उशीर झाला म्हणून बढती मात्र ह्यांची अडली.

आणि तुम्ही बोंबलाचं कालवण ओरपत म्हणालात, "काय जावईबापू, तयार शर्टाला बटणं लावायला वर्ष लागतं?"

"मामा, शर्टाचं शीड करायला सांगितलंय," हे म्हणाले.

"मग करा की! कापड तर वाचलं ना?" तुम्ही स्वतःच हसलात. हे अर्धपोटी उठले.

मला माझा लहानपणीचा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा झगा आठवला. मावसबहिणीचा, तयार. ती जाडी, मी काडी. आईनं तो सगळा उसवला, डाग चुकवून पुन्हा बेतला, किती दिवस मान वर केली नाही. देवळाबाहेर तुम्ही चार माणसांत सांगत होतात, "एक पैसा लागला नाही." कसा लागला नाही? जुनं मीही वापरते, देवानं दिलेलं फेकू नये. पण घरचा हिशोब मी ठेवते बाबा, नवं शिवायला किती आणि जुनं उसवून बेतायला किती, दोन्ही मांडल्याशिवाय स्वस्त कुठलं ते कसं कळणार? तुम्ही आणि साहेब एकच रकाना भरत आलात. दुसरा कोणाच्या डोळ्यांतून, कोणाच्या बढतीतून वसूल झाला, ते कधी विचारलंत? ह्यांना ती बढती निवृत्त होईपर्यंत मिळाली नाही.

तुम्ही गेल्यापासून आई आमच्याकडे असते. सुईत दोरा ओवता येत नाही तिला, तरी शेजारणींना अभिमानानं सांगते, "आमच्या ह्यांनी कधी पैसा फुकट जाऊ दिला नाही." आत्ताच तिनं दारातून विचारलं, "कोणाला लिहितेस गो?"

"किराण्याची यादी," मी म्हटलं.