रेषेच्या वर पडलेले ठिपके

४ ऑगस्ट, सोमवार

पाठ पार मोडली आज. दिवसभर एकच काम – मेंढी धरायची, पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप गुंडाळायची, मग तीच मेंढी काट्यावर चढवायची. काटा दारोदार नेता येत नाही, टेप खिशात मावते. घेरावरून वजन सांगणारं सूत्र बसलं, की जंताच्या औषधाचा डोस अंदाजाने द्यायला नको. माझी अख्खी पीएचडी एवढीच!

सुरुवात माझ्या भावाच्या, उमाजीदादाच्या मेंढ्यांपासून. येलदरी धरणाच्या पाण्याकडेला बसवल्यात सध्या. दादा आधी नाहीच म्हणत होता – "मोजू नको शिवे, नजर लागती." आईनं डोळे वटारले, मग गप धरू लागला.

५ ऑगस्ट

रात्री गावातच राहिले, घरी. वहिनीच्या तान्ह्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. गोंडस आहे. त्याची थोरली बहीण ईश्वरी, अडीच वर्षांची. जूनमध्ये हगवणीनं नुसती काडी झाली होती. आता गाल वर आलेत. वहिनीचं कौतुक मावेना – "बाळसं धरलंय बघा पोरीनं! मागल्या महिन्यापेक्षा किलोभर जास्ती भरली अंगणवाडीत." जीव भांड्यात पडला माझा.

पोरगी काही माझ्याकडे आली नाही. कोपऱ्यात बसून किरकिर. खूप दिवसांनी गेले, रुसली असेल.

११ ऑगस्ट

वीज नाही. लॅपटॉप मेला. काम शून्य.

१४ ऑगस्ट

आलेख काढला! घेर वाढला तसं वजन वाढतं – ठिपके शहाण्यासारखे रेषेला चिकटून. फक्त मूठभर वर उडालेत. म्हणजे घेराच्या मानानं वजन फार. दिनकरराव सर, माझे गाईड, चष्मा वर करून म्हणाले, "गाभण असतील, नाहीतर काटा हलला असेल. काढून टाका." काढले. रेषा अशी बसली म्हणता!

संध्याकाळी राजेश्रीला दाखवलं. परभणीच्या होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहते. तिचं काम लेकरांवर – अंगणवाड्यांतली दर महिन्याची वजनं घेऊन, कोणतं मूल पुढं अशक्त होणार ते आधीच सांगणारं मॉडेल. म्हणाली, "अचानक उडी मारलेली वजनं मी पण काढते. कोण एका महिन्यात इतकं वाढतं? काट्याचीच चूक." हसलो दोघी. विषय वेगळे, कात्री एकच.

१९ ऑगस्ट

काढलेल्या मेंढ्या डोक्यातून जाईनात. काटा तर मी स्वतः रोज सकाळी तपासत होते – हलेल कसा? परत येलदरीला गेले.

बहुतेक गाभणच निघाल्या. सर बरोबर होते. पण तीन नव्हत्या. त्यातल्या एकीच्या जबड्याखाली हात घातला – मऊ, गार गोळा. बोटानं दाबला. बोट काढलं तरी खळगा तसाच! पापणीची आतली बाजू पांढरीफटक. पोटातही पाणी. जंतांनी रक्त पिऊन आतून पोकळ केलेली मेंढी, आणि काट्यावर भारी. मांस गेलं, पाणी आलं – काट्याला दोन्ही सारखंच. माझी रेषा म्हणत होती हे ठिपके चुकलेत. चुकले नव्हते, आजारी होते.

तिघींना औषध दिलं. दादा म्हणाला, "मला वाटलं चरून चरून जड झाल्या." घरी जायला जमलं नाही, शेवटची गाडी चुकली असती.

२० ऑगस्ट

चहा घेता घेता राजेश्रीला मेंढ्यांचं सांगत होते. तिचा कप हातातच राहिला. "लेकरांतही होतं हे. खाणं पुरेना झालं की अंगावर पाणी येतं. गाल भरल्यासारखे दिसतात, वजनही वाढतं. पावलावर अंगठा दाबून बघायचा असतो..." मग कप खाली ठेवला. "मी काढलेल्या उड्यांत अशी किती असतील गं?"

मला काही ऐकू येईना. किलोभर जास्ती भरली. बाळसं. ईश्वरीचे गाल!

दादाला फोन लावला. पोरीचं पाऊल दाबून बघ म्हणाले मी, कारणही सांगितलं. भडकला. "मेंढरावरनं माझ्या लेकराची पारख करायलीस व्हय? चांगली भरायलीय पोर, ते बी बघवंना का तुला?" फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

रागानं रडू आलं. आणि भीतीनंही.

२१ ऑगस्ट

राजेश्री न सांगताच बॅग घेऊन उभी होती. जिंतूरपर्यंत बस, पुढे काळीपिवळी जीप. दादा दारातच होता. आत या म्हणाला नाही, अडवलंही नाही.

वहिनीनं ईश्वरीला मांडीवर घेतलं. मी पाऊल हातात धरलं – गुबगुबीत, गार. अंगठा दाबला. थांबले. काढला.

खळगा.

दुसऱ्या पायालाही. राजेश्रीनं विचारलं, खाते काय? तान्हा झाल्यापासून अंगावरचं दूध तुटलं. हगवणीपासून भाताची पेज, तीही दोन घास. दुसरं तोंडातच घेईना. वहिनी आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. "म्या तर सगळ्या गल्लीला दाखवत हिंडले व बाई, माझी पोर कशी भरायलीय म्हणून..."

दादा खाली वाकला. स्वतः अंगठा दाबून बघितला. मग तसाच उठून जीप बघायला गेला. परभणीला दवाखान्यात पोचलो तेव्हा लक्षात आलं – पायात चप्पलच नव्हती त्याच्या.

२२ ऑगस्ट

आज पोळा. आम्ही वॉर्डात.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या – "बरी होईल असं आजच म्हणणार नाही. एकदम खाऊ घालायचं नाही, तेही बाधतं. चमच्या-चमच्यानं दूध, तेही आम्ही सांगू तेवढंच." ईश्वरीचे हातपाय गार. डोळे उघडे, पण कुठंच बघत नाही.

दुपारी दादा व्हरांड्यात आला. "शिवे, त्या दिवशी फोनवर मी–" मी म्हणाले, चहा घे आधी.

२५ ऑगस्ट

राजेश्रीनं काढलेली सगळी वजनं परत घातली. नुसती घातली नाहीत – दिवसभर एकेका अंगणवाडीला फोन लावत बसली. पावलं दाबून बघा, ताई. बरीच वजनं खरोखर काट्याचीच चूक निघाली. दोन लेकरांच्या पायांवर सूज सापडली. दोघं दवाखान्यात पोचली.

मीही मेंढ्या परत घातल्या. रेषा बिघडली. सरांनी आलेख जवळ ओढला. "असू दे बिघडलेली. हे ठिपके कोणते, त्याचं वेगळं प्रकरण लिहा. मीच घाई केली."

२७ ऑगस्ट

सूज तशीच. सकाळचं सगळं दूध ओकली. वहिनी तान्ह्याला पाजतानाही हिच्याकडेच बघत असते.

२८ ऑगस्ट

ओकली नाही. एवढंच.

३० ऑगस्ट

आज ईश्वरीचं वजन सव्वा किलोनं घटलं! गाल बसले, फासळ्या वर आल्या, जूनपेक्षाही काडी. दादा हादरून नर्सकडे बघायला लागला. ती हसली – "पाणी उतरलं, दादा. आता दिसायलीय तुमची खरी पोर." तेवढ्यात त्या खऱ्या पोरीनं हात लांब करून दादाच्या हातातली भाकर ओढली, आणि नर्सनं काढून घेतली तशी अख्खा वॉर्ड दणाणून सोडला.