उतरण्याचं बक्षीस

१० जून, सोमवार. संध्याकाळ
म्बाले शहरातलं, छडीशिवाय शिकवण्याचं वर्कशॉप संपवून सोरोटीला शाळेत परत. आल्या आल्या हेडमिस्ट्रेस अगुती मॅडमनी माझ्या हातातली छडी घेतली, गुडघ्यावर मोडली आणि पेजेच्या चुलीत सारली. म्हणाल्या, "ओचोम मास्तर, आता तुमच्या वर्गात एका जरी पोराला लागलं, तर तुमचं सामान मी स्वतः बांधून देईन." १ जुलैला इन्स्पेक्शन आहे. मला अजिबात भीती नाही. पाचवीची पोरं माझ्यावर जीव टाकतात. दाखवत नाहीत, इतकंच.
संकल्प: शिक्षा बंद. फक्त कौतुक.

११ जून
मेथड सुरू! चांगलं वागेल त्याला एक टॉफी आणि सगळ्या वर्गाची रॉकेट टाळी: तळवे घासायचे, सूऽऽ करायचं आणि एकदम फाट्! सुरुवातीलाच एमुतो खिडकीत चढला. पूर्वीचा ओचोम असता तर... असो. मी गोड आवाजात म्हणालो, उतर बाळा. उतरला. टॉफी, टाळी. सगळा वर्ग टक लावून बघत होता. इतकं सोपं होतं तर लोक इतकी वर्षं उगाच हात दुखवून घेत होते.

१२ जून
आज खिडकीत गर्दी. प्लीज म्हणताच सगळे उतरले. आज्ञाधारकपणा एका दिवसात इतका वाढलेला मी तरी पाहिला नाही. टॉफ्या संपल्या. बायको, अपोलोत, म्हणाली, घरात साखर नाही आणि नवरा गावाला गोड वाटतोय. बायकांना पेडॅगॉजी कळत नाही.

१७ जून
खिडकी सुटली! आता आंब्याचं झाड. शेजारच्या वर्गाचे एकेमू मास्तर कुंपणाशी गाठून म्हणाले, "अरे ओचोम, तुझी पोरं खाली उतरायचा पगार घेतात!" दात काढून हसत होते. मत्सर.

२० जून
एमुतो आंब्यावरून पडला. कोपर सोललं. माझ्याच रुमालानं बांधलं आणि शर्टाची बाही खाली ओढली. मॅडमना सांगितलं नाही. वाऱ्याचा दोष, माझा नाही. पण जेवण गेलं नाही. अटापचा, नाचणीच्या उकडीचा, घास तोंडातच फिरत राहिला.
उद्यापासून टॉफी बंद. नाही, एकदम बंद केली तर मुलांचा आत्मविश्वास खचतो. सोमवारपासून.

२४ जून
टॉफी बंद. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात चिडीचूप. इतकी शांतता मला आवडली नाही. सगळी मागच्या खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काही नाही, फक्त पाण्याच्या टाकीचा लोखंडी मनोरा.

२८ जून
अकिरोरनं विचारलं, "मास्तर, जितकं उंच, तितकं बक्षीस मोठं ना?" मुलगी हुशार आहे. मी म्हणालो, आयुष्यात तसंच असतं. नंतर उगाच घाम फुटला. मनोऱ्याच्या शिडीला कुलूप लावायला वॉचमनला सांगायचं होतं. राहिलं. इन्स्पेक्शनची तयारी काय कमी आहे?

१ जुलै. रात्र
इन्स्पेक्टरसाहेब आणि मॅडम अंगणात आले, आणि अकिरोर मनोऱ्यावर. वर टाकीला टेकून, पाय खाली सोडून.
मी जमेल तितक्या हसऱ्या चेहऱ्यानं ओरडलो, "शाबास अकिरोर! छान बसलीस! आता छान उतर बघू!"
"काय देणार?"
रॉकेट टाळी, म्हणालो. ती म्हणाली, टाळी काय खायची? साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे.
तेवढ्यात वारा आला. शिडी कुरकुरली. अकिरोरची चप्पल सुटली आणि फरशीवर आपटली. तिचा चेहरा एकदम बदलला.
"मास्तर, मला खरंच उतरता येत नाहीये."
इतका बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. पुढचं नीट आठवत नाही. मी शिडीवर होतो, गंज तळव्यात रुतत होता, एक पायरी पायाखाली वाकली. वर पोचून टाकीशेजारी चढलो. तिचे दोन्ही दंड धरले, एकेक पाय शिडीवर टेकवून घेतला. अर्ध्यावर, खालून चढून आलेल्या एकेमूंनी तिला धरलं. उतरली. धड, अख्खी.
मग मी खाली बघितलं.
टाकीला मिठी मारली. खालून मॅडम म्हणाल्या, या आता. मी म्हणालो, येतो, जरा इथून वर्गावर नजर ठेवतो. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी अकिरोर शिडीखाली आली.
"मास्तर, खाली नाही बघायचं. माझा आवाज ऐका. डावा पाय... शाबास! आता उजवा. किती छान!"
प्रत्येक पायरीला अख्ख्या वर्गाची टाळी. फाट्! फाट्! जमिनीला पाय लागले तेव्हा साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते.
मेथडचं प्रात्यक्षिक मी माझ्याच अंगावर करून दाखवलं, असंच म्हणावं लागेल.

२ जुलै
मॅडमनी सामान बांधलं नाही. नुसतं "मास्तर, चहा घ्या," म्हणाल्या. ते जास्त लागलं. शिडीला कुलूप लागलं.
वर्गात गेलो तर सगळी हाताची घडी घालून. खिडकी रिकामी. टॉफी नाही, टाळी नाही, तरी एकजणही हलेना. ऊर भरून आला. अखेर जमलं! मी विचारलं, आज इतकं शहाणपण कशामुळे, सांगा बरं. सगळे अकिरोरकडे बघायला लागले.
ती उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, आम्ही ठरवलंय. गोंधळ नाही करायचा. उगाच तुम्ही परत कुठंतरी चढाल."
मी थँक्यू म्हणालो. मग फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीख लिहीत राहिलो.